छोट्या विमानांचे अपघात : निर्णय नेमका कुठे चुकतो?

वातकुक्कुट (धागाकर्ता)

छोटं विमान पडलं की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत 'तांत्रिक बिघाडाची शक्यता' हे शब्द ठरलेले. चौकशीचा अहवाल यायला वर्ष-दीड वर्ष जातं, तोवर लोक विसरून जातात. अहवालात मात्र बरेचदा लिहिलेलं असतं की इंजिन जमिनीवर आदळेपर्यंत नीट चालू होतं.

सुरुवातीला एकच अपघात घेतो, कारण त्यात जवळपास सगळं सापडतं. ११ एप्रिल १९९६, शायेन, वायोमिंग, अमेरिका. सात वर्षांची जेसिका डब्रॉफ देश आरपार विमानाने ओलांडण्याचा 'विक्रम' करायला निघाली होती. विमान सेसना १७७बी. सोबत वडील आणि इन्स्ट्रक्टर. कायद्याने विमान इन्स्ट्रक्टरच्या जबाबदारीवर. आदल्या दिवशी कॅलिफोर्नियातून निघून नेवाडामार्गे ते शायेनला पोचले होते. सकाळी विमानतळावर गडगडाटी वादळ येऊन ठेपलं होतं आणि दृश्यता पावणेतीन मैलांवर आली होती. नुकत्याच उडालेल्या दुसऱ्या वैमानिकाने वाऱ्याचा वेग पंधरा नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वरखाली होत असल्याचं कळवलं होतं. नेहमीच्या नियमांनी उडता येत नाही म्हटल्यावर खास परवानगी मागून हे विमान उडालं. धावपट्टीची उंची ६,१५६ फूट, डेन्सिटी अल्टिट्यूड (हवा जितक्या उंचीवरच्यासारखी विरळ असते ती उंची) ६,६७० फूट, आणि विमानाचं वजन कमाल मर्यादेपेक्षा ९६ पौंड जास्त. उडाल्यावर वळताना विमान स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल गेली. तिघेही गेले.

अमेरिकी चौकशी मंडळाने कारणांमध्ये हवामान आणि वजन लिहिलंच, पण त्याबरोबर अती महत्त्वाकांक्षी वेळापत्रक आणि त्यामागचे प्रसारमाध्यमांना दिलेले शब्द हेही लिहिलं. मला यातली ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. ९६ पौंड म्हणजे साधारण सोळा गॅलन पेट्रोल. ते काढून ठेवता आलं असतं. वादळ तासा-दोन तासांत पुढे सरकलं असतं. जे जे घातक ठरलं ते सगळं इंजिन सुरू करण्याआधीच माहीत होतं किंवा कागदावर काढता येत होतं.

जाणकारांनी आपापल्या भागाबद्दल नेमकं लिहावं, ही विनंती. आकड्यांसकट.

---

नवपंख

चांगला धागा. एक शंका. त्या विमानाचं कमाल वजन २,५०० पौंड धरलं तर ९६ पौंड म्हणजे चार टक्केसुद्धा नाहीत. एवढ्याने खरंच फरक पडतो?

---

धावपट्टी०९

@नवपंख, एकट्या चार टक्क्यांनी विमान पडत नाही. ब्रिटनच्या विमान वाहतूक प्राधिकरणाची छोट्या विमानांसाठीची पत्रिका आहे, त्यातले गुणक पाठ करण्यासारखे आहेत. वजन १० टक्के वाढलं की टेकऑफचं अंतर २० टक्के वाढतं. तापमान १० अंशांनी वाढलं की १० टक्के. उंची १,००० फुटांनी वाढली की १० टक्के. कोरडं गवत २० टक्के, ओलं गवत ३० टक्के. दोन टक्के चढ असेल तर १० टक्के. पाठीमागचा वारा उड्डाणवेगाच्या एक दशांश असेल तर २० टक्के. आणि सगळ्यात जास्त चुकतं ते इथे : हे गुणक बेरजेचे नाहीत, एकमेकांना गुणायचे आहेत.

समजा हँडबुकप्रमाणे अंतर ५०० मीटर आहे. कोरडं गवत, पाठीमागून थोडा वारा आणि दहा अंश जास्त उष्मा. ५०० गुणिले १.२ गुणिले १.२ गुणिले १.१ म्हणजे ७९२ मीटर. त्यावर सुरक्षेचा गुणक १.३३ लावायचा, की झाले १,०५३. ८०० मीटरची पट्टी कागदावर 'पुरेशी' दिसत होती, ती आता पुरेशी नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. नागपूरची उंची १,०३३ फूट. मे महिन्याची दुपार, ४४ अंश, हवेचा दाब १,००३ हेक्टोपास्कल. प्रमाण दाब १,०१३, म्हणजे दहा हेक्टोपास्कल कमी. प्रत्येकी ३० फुटांनी ३०० फूट. प्रेशर अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या दाबाप्रमाणे धरलेली उंची, १,३३३ फूट. त्या उंचीला प्रमाण तापमान साधारण १२ अंश असतं, आपल्याकडे ३२ जास्त आहे. प्रत्येक अंशाला १२० फूट धरले तर ३,८४० फूट. बेरीज पाच हजारांच्या वर, तीच डेन्सिटी अल्टिट्यूड. म्हणजे विदर्भाच्या सपाटीवर उभं असलेलं विमान महाबळेश्वरच्या पठाराहूनही वर असल्यासारखं उडणार.

सेसना १७२ च्या टेकऑफ तक्त्याचा शेवटचा रकाना ४० अंशांचा आहे. ४४ चा रकानाच नाही. अशा वेळी 'अंदाजे वाढवून घेऊ' असं म्हणणारे बरेच असतात. कारखान्याने जिथे आकडा दिलेला नाही, तिथे आपण चाचणी वैमानिक होतो. सकाळी साडेसहाला उडावं, तेव्हा तक्ता लागू होतो.

---

नवपंख

धन्यवाद, आता नीट कळलं. आणि वजनाचा हिशेब चार आसनांच्या विमानात चार माणसं बसवून कसा जमतो?

---

धावपट्टी०९

बहुतेकदा जमत नाही. १७२एस चं कमाल वजन १,१५७ किलो. रिकामं विमान साधारण ७६० च्या आसपास, नेमका आकडा त्या त्या विमानाच्या वजनपत्रकात असतो. तोच घ्यायचा, पुस्तकातला नमुन्याचा नाही. उरले ३९७. वापरण्याजोगं पेट्रोल ५३ गॅलन, म्हणजे २०० लिटर. एव्हीगॅस (विमानाचं पेट्रोल) लिटरला ०.७२ किलो, म्हणजे १४४ किलो. माणसं आणि सामान मिळून राहिले २५३ किलो. चौघं बसले तर माणशी त्रेसष्ट, आणि बॅग एकही नाही. टाकी पूर्ण भरलेली आणि चारही आसनं भरलेली, या दोन्ही गोष्टी मोठ्या माणसांसह एकत्र होत नाहीत.

वजन बसलं तरी गुरुत्वमध्य तपासायचाच. जड माणसं मागे आणि सामानही मागे असेल तर गुरुत्वमध्य मागच्या सीमेपलीकडे जातो. असं विमान नाक वर करतं ते खाली आणायला एलिव्हेटर (शेपटीवरची, नाक वर-खाली करणारी पट्टी) कमी पडतो, आणि स्टॉलमधून बाहेर येणं अवघड होतं.

---

ग्रीसगन

मी देखभालीच्या बाजूने लिहितो. इंजिन 'बंद पडलं' म्हणून नोंद झालेल्या घटनांमध्ये इंधन संपणं हे फार मोठं कारण आहे, आणि ते दोन प्रकारचं असतं. एकात पेट्रोल खरोखर संपलेलं असतं. दुसऱ्यात एका टाकीत भरपूर असतं, पण सिलेक्टर (टाकी निवडायची मूठ) रिकाम्या टाकीवर असतो. सेसना १७२ मध्ये सिलेक्टरला 'दोन्ही' ही जागा आहे. पायपर पीए-२८ मध्ये फक्त डावी किंवा उजवी. एकावरून दुसऱ्यावर शिकणारा हेच विसरतो. पायपरमध्ये घड्याळ लावून दर अर्ध्या तासाने टाकी बदलावी. आणि रन-अप (उडण्याआधी उभ्याने केलेली इंजिनची चाचणी) ज्या टाकीवर केला त्याच टाकीवर उडावं. ऐन धावपट्टीवर बदललेली टाकी चाळीस-पन्नास सेकंदांनी दगा देते, म्हणजे नेमकी विमान झाडांच्या उंचीवर असताना.

काट्यावर विसंबू नये. छोट्या विमानांचे इंधनकाटे कधीच भरवशाचे नव्हते. डिपस्टिक घालून मोजावं, आणि ती त्याच विमानासाठी खुणा केलेली असावी. एप्रन (विमानं उभी करायची जागा) उताराचा असेल तर एका पंखात जास्त आणि दुसऱ्यात कमी दिसतं.

पाण्याबद्दल. पावसाळ्यात टाकीच्या झाकणाचं रबर कडक झालं असेल तर पाणी आत उतरतं. अर्धी टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या हवेतलं बाष्पही खाली साचतं. १७२ च्या आर आणि एस या प्रकारांत थोडं पेट्रोल पारदर्शक कपात काढून तपासायच्या तेरा जागा आहेत : प्रत्येक पंखाखाली पाच आणि पोटाखाली तीन. घाई असली की लोक दोन-तीन काढतात आणि निघतात. शिवाय कपात सगळंच पाणी आलं तर ते एकसारखं स्वच्छ दिसतं, मधे रेषा दिसत नाही, आणि बघणाऱ्याला 'साफ आहे' असं वाटतं. म्हणून पांढऱ्या पार्श्वभूमीवर धरून निळा रंग बघायचाच. शंभर एलएल, म्हणजे आपलं एव्हीगॅस, निळं असतं. रंग नसेल तर ते पाणी आहे किंवा जेट इंधन.

जेट इंधनाचा धोका आता वाढला आहे, कारण एकाच एप्रनवर पेट्रोलवाली सेसना आणि जेट ए-१ वर चालणारं डायमंड डीए४० एनजी शेजारी शेजारी उभी असतात. त्यातून डीए४० चेच पेट्रोलवर चालणारेही प्रकार आहेत. पेट्रोलच्या इंजिनात जेट इंधन गेलं तरी नळीतल्या उरलेल्या पेट्रोलवर ते सुरू होतं, टॅक्सी होते (विमान जमिनीवर चालतं), रन-अपही बरेचदा नीट होतो. पूर्ण थ्रॉटलवर (पूर्ण जोर दिल्यावर) मात्र डेटोनेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधनाचे स्फोट, सुरू होतं आणि मिनिटभरात पिस्टन जातात. शंका आली तर थेंब कागदावर टाकावा. एव्हीगॅस उडून जातं, जेट इंधनाचा तेलकट डाग राहतो. इंधन भरताना वैमानिकाने जागेवर उभं राहावं, पावतीवरचं नाव वाचावं आणि मग सही करावी.

---

वातकुक्कुट

@ग्रीसगन, फार उपयोगी. मॅग्नेटोच्या (प्लगला ठिणगी देणाऱ्या यंत्राच्या) तपासणीबद्दलही लिहा ना.

---

ग्रीसगन

सेसना १५२ ला १,७०० आरपीएमवर (इंजिनचे मिनिटाला फेरे). एका मॅग्नेटोवर घट १२५ पेक्षा जास्त नको, दोघांतला फरक ५० पेक्षा जास्त नको. १७२एस ला १,८०० वर, घट १५० पर्यंत, फरक तोच. घट जास्त असेल आणि इंजिन खडखडत असेल तर बरेचदा प्लगवर शिसं बसलेलं असतं. मिश्रण पातळ करून (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) थोडा वेळ जास्त आरपीएमवर चालवलं की ते जळून जातं. तपासणी पुन्हा करावी, तरीही गेलं नाही तर विमान परत हँगरला.

अजिबातच घट आली नाही तर खूश होऊ नये. मॅग्नेटोची अर्थिंगची तार तुटली असेल तर स्विच बंद करूनही मॅग्नेटो चालूच राहतो. नुसता प्रॉपेलर हाताने फिरवला तरी इंजिन सुरू होऊ शकतं.

आणि १५२ सारख्या कार्ब्युरेटरवाल्या (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग असलेल्या) इंजिनांत बर्फ. लोकांना वाटतं बर्फ म्हणजे थंड प्रदेश. कार्ब्युरेटरच्या गळ्यात तापमान वीस-तीस अंशांनी उतरतं, म्हणून पावसाळ्यातल्या दमट हवेत २५ अंशांनाही बर्फ जमतो, खास करून उतरताना थ्रॉटल कमी असतो तेव्हा. पहिलं लक्षण म्हणजे आरपीएम हळूच घसरतो. कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी मूठ) पूर्ण ओढायची, अर्धवट नाही. ओढल्यावर आरपीएम आणखी पडतो, इंजिन खडखडतं, कारण वितळलेलं पाणी सिलिंडरमध्ये जातं. इथे घाबरून लोक हीट परत बंद करतात, आणि घोडं तिथेच अडतं. धरून ठेवावी, आरपीएम परत चढतो.

---

सह्यकडा

हवामान आणि डोंगर.

प्रवासाच्या इंधनाचा हिशेब वारा धरून करतात का, हे आधी बघा. २०० सागरी मैल, विमानाचा वेग १०५ नॉट. वारा नसेल तर एक तास चोपन्न मिनिटं. समोरून २० नॉट आला तर दोन तास एकवीस मिनिटं. सत्तावीस मिनिटं जास्त. अमेरिकी नियमात दिवसा दृश्य उड्डाणाला (बाहेर बघून करायच्या उड्डाणाला) राखीव इंधन तीस मिनिटांचं आहे, ते जवळपास सगळं या वाऱ्यातच गेलं. मिश्रण पातळ केलं नाही तर तासाला चार-सहा लिटर आणखी जातात. दुष्काळात तेरावा महिना. म्हणून राखीव एक तासाचं धरावं आणि वाटेत ठरलेल्या खुणेवर घड्याळ बघावं. अंदाजापेक्षा वेळ मागे पडत असेल तर मधल्या विमानतळावर उतरावं, पुढचं गणित पुढे करू असं म्हणू नये.

वळवाचा पाऊस. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोननंतर देशावर ढग उभे राहतात. ढग अजून दहा-बारा किलोमीटर लांब असतो आणि त्यातून खाली आलेली थंड हवा जमिनीवरून पुढे धावत येते. धुळीची भिंत दिसते ती हीच. फायनलवर (उतरायला धावपट्टीच्या रेषेत) असताना ती आली तर समोरचा वारा आधी वाढतो, विमान वर तरंगतं, वैमानिक थ्रॉटल कमी करतो, आणि पुढच्याच क्षणी वारा पाठीमागून येतो. तीव्र वादळापासून वीस सागरी मैल लांब राहावं, हे अमेरिकी विमान प्रशासनाचं सांगणं इथेही तसंच लागू आहे. धूळ दिसली तर उतरायची घाई न करता लांब जाऊन थांबावं, आणि तेवढं पेट्रोल असावं.

आता घाट. पावसाळ्यात घाटमाथा ढगात असतो आणि खाली दरीत उजेड दिसतो. दरीतून पलीकडे निघू असं वाटतं. वळायला किती जागा लागते ते आधी मांडा. ९० नॉटला तीस अंश कलून वळलात तर वर्तुळाचा व्यास सुमारे २,५०० फूट, म्हणजे ७६० मीटर. पंचेचाळीस अंश कललात तर ४४० मीटर, पण मग स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो. दरीच्या मधोमध उडणारा अर्धी जागा आधीच सोडून देतो. एका कडेला धरून उडावं, म्हणजे वळायला पूर्ण रुंदी मिळते. आणि ढगाचा तळ व डोंगराचा माथा यांत ठरवलेलं अंतर राहिलं नाही की वळायचं. दरीत शिरल्यावर नव्हे, शिरण्याआधी.

---

नभा

सह्यकडांच्या शेवटच्या वाक्यापासून पुढे लिहिते, कारण ढगात शिरलेला दृश्य-उड्डाणाचा वैमानिक हा या विषयातला सगळ्यात जीवघेणा भाग आहे.

१९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात वीस वैमानिकांवर प्रयोग झाला. उपकरणांवर उडायचं प्रशिक्षण नसलेल्यांना बाहेरचं दिसणं बंद करून उडवलं. वीसच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. कारण शरीरात आहे. कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांना सेकंदाला साधारण दोन अंशांपेक्षा हळू होणारं कलणं कळत नाही. विमान हळूहळू एका बाजूला कलतं, वैमानिकाला सरळ आहे असंच वाटतं. मग नाक खाली जातं, वेग वाढतो, वैमानिक दांडा ओढतो. कललेल्या विमानात दांडा ओढला की वळण आणखी आवळतं. यातून सुटायचा क्रम ठरलेला आहे : थ्रॉटल कमी, पंख सपाट, मग हळूच ओढणं. क्रम उलटा झाला तर पंख तुटेपर्यंत जोर येऊ शकतो.

१६ जुलै १९९९ ला जॉन एफ. केनेडी ज्युनियर यांचं पायपर साराटोगा मार्थाज व्हाइनयार्डजवळ समुद्रात पडलं. पत्नी आणि मेव्हणी सोबत होत्या. उपकरण-उड्डाणाचा परवाना नव्हता. न्यू जर्सीहून निघाले रात्री ८ वाजून ३८ मिनिटांनी, सूर्य मावळल्यावर. हवेत धुरकट धुकं, खाली काळा समुद्र, क्षितिज नाही. कागदोपत्री हवामान दृश्य-उड्डाणाला चालण्यासारखं होतं, हे लक्षात ठेवा. विमानात ऑटोपायलटही होता. सोबत यायची एका इन्स्ट्रक्टरची तयारी होती, असंही अहवालात आहे. शेवटी विमान मिनिटाला ४,७०० फुटांपेक्षा जास्त वेगाने खाली आलं.

चुकून ढगात गेलात तर : नजर आत, कृत्रिम क्षितिजावर. पंख सपाट करा. थ्रॉटलला हात लावू नका. मग प्रमाण गतीने, सेकंदाला तीन अंश, वळायला लागा. एकशे ऐंशी अंशांना बरोबर एक मिनिट लागतं. त्या मिनिटात बाहेर डोकावू नका, नकाशा शोधू नका, रेडिओ नंतर. ऑटोपायलट असेल तर तोच लावा. आणि याचा सराव इन्स्ट्रक्टरसोबत हूड (बाहेरचं दिसू न देणारी टोपी) घालून वरचेवर करा, परीक्षेपुरता नाही.

---

गगनभरारी

सगळं पटतंय, पण दरवेळी वैमानिकालाच दोष देऊन आपण मोकळे होतो आहोत. विद्यार्थ्याचे तास पूर्ण व्हायचे असतात, विमानं कमी, रांग मोठी. आज स्लॉट सोडला तर पुढचा पंधरा दिवसांनी. अशा ठिकाणी 'नको उडायला' म्हणणं किती अवघड आहे, याचा विचार व्हायला हवा.

---

नभा

@गगनभरारी, अगदी बरोबर. म्हणूनच हा निर्णय त्या सकाळी त्या विद्यार्थ्यावर सोडायचाच नसतो. आकडे आधी लिहून, इन्स्ट्रक्टरच्या सहीने ठेवायचे. सोलोच्या (एकट्याने उडणाऱ्या) विद्यार्थ्यासाठी बाजूचा वारा इतका, ढगाचा तळ इतका, दृश्यता इतकी. आकडा ओलांडला की उड्डाण रद्द, कारण सांगावं लागत नाही, आणि रद्द झालेला स्लॉट रांगेच्या शेवटी जाता कामा नये. शायेनला जे माध्यमांचं दडपण होतं, तेच इथे रांगेचं आहे. व्यवस्थेने तो भार उचलला नाही तर तो वीस वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर येतो.

---

नवपंख

टेकऑफनंतर इंजिन बंद पडलं तर धावपट्टीकडे परत वळावं की नाही? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

---

धावपट्टी०९

सरळ समोर, फार तर दोन्हीकडे तीस-तीस अंशांत जे मोकळं दिसेल तिथे. ७० नॉटला पंचेचाळीस अंश कलून वळलात तर एकशे ऐंशी अंशांनंतर तुम्ही धावपट्टीला समांतर असता, पण सुमारे ८७० फूट बाजूला. म्हणून आणखी वळावं लागतं आणि मग उलटं. शिवाय टेकऑफला समोर असलेला वारा आता पाठीमागे. १७२एस चा फ्लॅप (पंखांमागच्या, खाली सोडता येणाऱ्या पट्ट्या) वर असताना स्टॉल ४८ नॉट, पंचेचाळीस अंशांत तो ५७ होतो. जमीन वर येताना दिसली की हात आपोआप दांडा ओढतो.

---

सह्यकडा

थोडा मतभेद. 'कधीच नाही' हा नियम पुरेसा नाही, कारण हजार फुटांवर इंजिन गेलं आणि समोर वस्ती असेल तर परत वळणंच योग्य असू शकतं. तीन हजार फुटांवर जाऊन इन्स्ट्रक्टरसोबत मोजा. चढताना थ्रॉटल बंद करा, चार सेकंद काहीच करू नका, कारण खऱ्या प्रसंगात तेवढा वेळ धक्क्यात जातोच. मग वळण पूर्ण करा आणि किती उंची गेली ते बघा. त्यात निम्मी आणखी मिळवा. तो तुमचा आकडा. त्याखाली वळायचं नाही.

---

धावपट्टी०९

हे मान्य. फक्त तो आकडा टेकऑफपूर्वी मोठ्याने म्हणायचा : 'या उंचीखाली सरळ समोर.'

---

ग्रीसगन

एक राहिलं. कार्बन मोनॉक्साइड. जानेवारी २०१९ मध्ये फुटबॉलपटू एमिलियानो साला ज्या पायपर मालिबूमध्ये होता, ते इंग्लिश खाडीत पडलं. त्याच्या रक्तात कार्बोक्सिहिमोग्लोबिन (हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन) ५८ टक्के सापडलं. एक्झॉस्टला बारीक तडा गेला की धूर फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या) भोकांतून केबिनमध्ये येतो. हीटर वापरला नाही म्हणून आपण सुरक्षित आहोत असं नाही. वास येत नाही, आधी डोकं दुखतं आणि सुस्ती येते, आणि निर्णयशक्ती जाते ती कळतसुद्धा नाही. रंग बदलणारी चकती स्वस्त असते, पण तिच्याकडे कोणी बघत नाही आणि ती काही महिन्यांत निकामी होते. आवाज करणारं बॅटरीचं यंत्र घ्यावं. वाजलं की हीटर बंद, बाहेरच्या हवेच्या झडपा आणि खिडक्या उघडा आणि जवळच्या जागी उतरा. उतरल्यावर एक्झॉस्ट तपासल्याशिवाय ते विमान पुन्हा उडवू देऊ नका.

---

नवपंख

शेवटचा प्रश्न. टेकऑफ सोडून द्यायचा निर्णय कुठे घ्यायचा? धावताना विमान 'जड' वाटतंय हे कळायला उशीर होतो.

---

धावपट्टी०९

धावपट्टीची मधली खूण आधी ठरवा. पट्टीवर दिवा, टॅक्सीवेचं तोंड, काहीही, पण डोळ्यांना दिसणारं. तिथे पोचेपर्यंत उड्डाणवेगाच्या सत्तर टक्के वेग हवा. उड्डाणवेग ५५ नॉट असेल तर ३८-३९. काटा तिथे नसेल तर थ्रॉटल बंद, ब्रेक. टॅक्सी करत परत या, वजन आणि तापमान पुन्हा मांडा. आणि धावायला लागल्यावर इंजिन पूर्ण आरपीएम देतंय का, हे पहिल्या पाच सेकंदांतच बघा. १५२ मध्ये तो आकडा हँडबुकमध्ये दिलेला आहे, तो चिठ्ठीवर लिहून पॅनेलला लावा.